साथीच्या काळात बातमीची पारख

ऑगस्ट २००९ चा पहिला आठवडा पुणेकरांच्या दीर्घकाळ स्मरणात राहिला आहे. एच१एन१ या नव्या इन्फ्लुएन्झा विषाणूच्या संसर्गाने भारतातील पहिला मृत्यू ३ ऑगस्ट रोजी पुण्यात झाला आणि पाहता पाहता शहराचा नूर पालटला. औषधांच्या दुकानांतील मास्क संपले. घशातील स्रावाची तपासणी करून घेण्यासाठी डॉ. नायडू सांसर्गिक रोग रुग्णालयासमोर रांगा लागल्या. शाळा व चित्रपटगृहे काही दिवस बंद ठेवण्यात आली. त्याच वेळी मोबाइलवरून लघुसंदेश फिरू लागले. कापूर आणि वेलदोडे रुमालात बांधून हुंगत राहिल्यास विषाणू जवळ फिरकत नाही, असा एक संदेश होता. डुकराचे मांस खाल्ल्याने हा आजार जडतो, असा दुसरा.

त्यानंतर २०१८ मध्ये केरळात निपाहची आणि २०२० मध्ये जगभर कोविड-१९ ची साथ आली. प्रत्येक वेळी आजार वेगळा होता, अफवांची तऱ्हा मात्र जुनीच होती. पुढेही नवे विषाणू येत राहतील. त्यांच्याविषयी आज काही सांगता येणे शक्य नाही. परंतु त्यांच्याविषयी येणारी बातमी कशी पारखावी, हे मात्र आजच शिकून ठेवता येते.

भीतीची अफवा आणि दिलाशाची अफवा

साथीतील अफवा दोन प्रकारच्या असतात. एक प्रकार भीती वाढवणारा, तर दुसरा खोटा दिलासा देणारा. पुण्यात २००९ मध्ये या दोन्ही प्रकारांनी नुकसान केले. भीतीपोटी साध्या सर्दी-पडशाचे रुग्णही तपासणीच्या रांगेत येऊन उभे राहिले. ज्यांना संसर्ग झालेला नव्हता, त्यांना तो होण्याची शक्यता त्या रांगेतच अधिक होती. याउलट, कापराच्या पोटलीवर विसंबून राहणाऱ्या रुग्णाचा मोलाचा वेळ वाया जाण्याचा धोका होता. या आजारावरील ओसेल्टामिविर हे औषध लक्षणे दिसू लागल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केल्यास सर्वाधिक गुणकारी ठरते.

या दोन टोकांच्या मधला मार्ग उपलब्ध नव्हता असे नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने त्याच वर्षी रुग्णांचे तीन गट ठरवून दिले होते. सौम्य ताप, खोकला व घसादुखी असलेल्यांनी घरीच वेगळे राहावे. त्यांना तपासणीची वा ओसेल्टामिविरची आवश्यकता नाही, मात्र एक-दोन दिवसांत प्रकृतीचा पुन्हा आढावा घ्यावा. तीव्र ताप असलेल्यांना, तसेच लहान मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध व दीर्घकालीन आजार असलेले रुग्ण यांना तपासणीची वाट न पाहता औषध द्यावे. धाप लागणे, छातीत दुखणे, ग्लानी येणे, नखे निळी पडणे अशी लक्षणे असणाऱ्यांना तातडीने रुग्णालयात दाखल करावे. या सूचनेत कोणी काय करावे हे जसे सांगितले होते, तसेच कोणी काय करण्याची गरज नाही हेही सांगितले होते. विश्वासार्ह माहितीचे हे एक मोठे लक्षण होय. अफवा मात्र सर्वांना एकच गोष्ट सांगते.

केवळ नावामुळे काय अनर्थ घडू शकतो, हेही त्याच वर्षी दिसून आले. प्रारंभी या आजाराला ‘स्वाइन फ्लू’ म्हटले गेले. तो माणसाकडून माणसाकडे पसरत होता. नीट शिजवलेल्या मांसातून त्याचा धोका नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने ३० एप्रिल २००९ रोजी हे नाव वापरणे थांबवलेही. तथापि, त्याच सुमारास इजिप्तमध्ये देशातील सुमारे तीन लाख डुकरे मारण्याचा आदेश निघाला. त्या वेळी त्या देशात या आजाराचा एकही रुग्ण आढळलेला नव्हता. कैरोत कचरा गोळा करणारी कुटुंबे ही डुकरे पाळत आणि शहरातील ओला कचरा त्यांना खाऊ घालत. डुकरे गेल्यावर त्या गरीब कुटुंबांचे उत्पन्न बुडाले आणि शहरात कचऱ्याचे ढीग साचले. आजाराला मात्र आळा बसला नाही. जूनच्या प्रारंभी इजिप्तमध्येही पहिला रुग्ण सापडला.

धनादेशाची कसोटी

खिडकीवर आलेला धनादेश बँकेचा कर्मचारी ज्या शिस्तीने तपासतो, तीच शिस्त साथीच्या काळातील बातमीला लावता येते. धनादेश घेऊन येणारी व्यक्ती कितीही सज्जन असली, तरी तेवढ्यावरून तो वटवला जात नाही. कर्मचारी तारीख पाहतो, सही ताडून पाहतो, अक्षरी व अंकी रक्कम जुळते का हे बघतो, खात्यातील शिल्लक तपासतो आणि कोठे खाडाखोड झाली आहे का, याकडे लक्ष देतो.

आरोग्यविषयक संदेशांबाबत नेमकी येथेच गफलत होते. संदेश पाठवणारा सहसा काका, मावशी, जुना शाळासोबती किंवा कार्यालयातील सहकारी असतो. त्याचा हेतू चांगला असतो, म्हणून संदेशही खरा मानला जातो. परंतु तो केवळ धनादेश आणून देणारा असतो. धनादेश काढणारा कोणी वेगळाच असतो. आणून देणाऱ्याविषयी आदर बाळगूनही काढणाऱ्याची चौकशी करता येते.

पहिली कसोटी : तारीख

धनादेश त्यावरील तारखेपासून तीन महिन्यांपर्यंतच वटतो. १ एप्रिल २०१२ पूर्वी ही मुदत सहा महिन्यांची होती. नियम बदलला, म्हणून बँकेने पूर्वी खोटे सांगितले होते असे कोणी म्हणत नाही. आरोग्यविषयक सल्ला बदलला की मात्र ‘तज्ज्ञ रोज नवे सांगतात’ अशी तक्रार ऐकू येते.

नव्या विषाणूविषयीचे ज्ञान हळूहळू जमा होते. पहिल्या आठवड्यातील सल्ला हा मोजक्या रुग्णांच्या निरीक्षणावर आणि जुन्या, मिळत्याजुळत्या विषाणूंच्या अनुभवावर आधारलेला असतो. पुरावा वाढला की सल्ला बदलतो. कोविडच्या प्रारंभी निरोगी व्यक्तींना सरसकट मास्क वापरण्याचा सल्ला दिला जात नव्हता. भारतात एप्रिल २०२० च्या प्रारंभी सर्वांना घरगुती कापडी मास्क वापरण्यास सांगण्यात आले, तर जागतिक आरोग्य संघटनेने ५ जून २०२० रोजी आपला सल्ला व्यापक केला.

बँकेच्या ग्राहकांना व कर्मचाऱ्यांना चलनी नोटांचे उदाहरण अधिक जवळचे वाटेल. मार्च २०२० मध्ये इंडियन बँक्स असोसिएशनने नोटा हाताळल्यानंतर हात धुण्याचे आवाहन केले. त्या वेळी उपलब्ध असलेल्या माहितीनुसार ते योग्यच होते. परंतु ‘नोटांतून मरण घरात येते’ असा सूर लावणाऱ्या संदेशांमुळे काहींनी नोटा साबणाच्या पाण्यात धुऊन वाळत घातल्या. पुढे संशोधनातून स्पष्ट झाले, की हा विषाणू प्रामुख्याने हवेतून पसरतो. दूषित पृष्ठभागाला झालेल्या एका स्पर्शातून संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकापेक्षाही कमी असल्याचे अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये नमूद केले. हात धुण्याची सवय इतर अनेक आजारांसाठी आजही हितकारकच आहे. नोटांची भीती मात्र मुदतबाह्य झाली आहे.

म्हणून कोणत्याही संदेशावर प्रथम तारीख शोधावी. तारखेबरोबर ठिकाणही पाहावे. इंदूर, बडोदे, हैदराबाद वा बेंगळुरू येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबाला पुण्याच्या नातेवाइकाकडून आलेली सूचना पुण्यापुरती खरी असू शकते. आपल्या गावात काय करावे, हे तेथील राज्य आरोग्य विभागाकडून वा महानगरपालिकेकडूनच समजून घेणे इष्ट.

दुसरी कसोटी : सही

‘एका मोठ्या डॉक्टरांनी सांगितले आहे’ ही सही नव्हे. सही म्हणजे शोधता येईल असे नाव आणि ते विधान करण्याचा अधिकार. खातेदाराच्या शेजाऱ्याची सही खरी असली, तरी तिने धनादेश वटत नाही. त्याचप्रमाणे एखाद्या नामवंत व्यक्तीचे नाव खरे असूनही, विषाणूविज्ञानाशी तिचा संबंध नसेल तर त्या नावाला तेथे विशेष वजन नसते.

भारतात अशा सहीसाठी काही संस्था ठरलेल्या आहेत. धोरण व सूचना केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडून येतात. साथींवर देखरेख ठेवण्याचे काम राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र करते. संशोधनाची धुरा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेकडे आहे. याच परिषदेच्या अखत्यारीतील पुण्याची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली आणि १९७८ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले. संदेशात यांपैकी एखाद्या संस्थेचे नाव असेल, तर तिच्या अधिकृत संकेतस्थळावर ते विधान खरोखर आहे का, हे पाहणे दोन मिनिटांचे काम आहे. नाव खरे आणि विधान बनावट, असे अनेकदा आढळते. शासकीय योजना व निर्णयांविषयीच्या बनावट संदेशांची शहानिशा करण्यासाठी पत्र सूचना कार्यालयाने २०१९ मध्ये स्वतंत्र विभागही सुरू केला.

तिसरी कसोटी : रक्कम

साथीच्या काळात आकड्यांचा पाऊस पडतो. आकडा दिसला की माहिती शास्त्रीय वाटते; पण आकडा कशाचा आहे, हे ठाऊक नसेल तर तो निरुपयोगी ठरतो.

समजा, एखाद्या शहरात रुग्णालयात दाखल झालेल्या १०० रुग्णांपैकी ५ जण दगावले. ‘शंभरात पाच मृत्यू’ हे विधान खरे झाले. परंतु त्याच शहरात आणखी ९०० जणांना सौम्य संसर्ग होऊन ते तपासणीविनाच घरी बरे झाले असतील, तर प्रमाण हजारात पाच होते. दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला रुग्णालयाचा, दुसरा शहराचा. साथीच्या आरंभी गंभीर रुग्णांचीच तपासणी अधिक होत असल्यामुळे मृत्यूचे प्रमाण बहुधा फुगलेले दिसते.

याच्या उलटही घडते. एच१एन१ च्या जागतिक साथीत प्रयोगशाळेत निश्चित झालेले १८,४४९ मृत्यू जागतिक आरोग्य संघटनेकडे नोंदवले गेले होते. बहुसंख्य रुग्णांची तपासणी झालेलीच नव्हती. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने पहिल्या वर्षातील मृत्यूंची संख्या १,५१,७०० ते ५,७५,४०० च्या दरम्यान असावी असा अंदाज वर्तवला. पहिला आकडा मोजलेल्यांचा होता, दुसरा मोजल्या न गेलेल्यांसह केलेला अंदाज होता. यात लपवाछपवीचा संबंध नव्हता. शास्त्रीय अंदाज ‘पासून–पर्यंत’ असा दिला जातो, हेही येथे ध्यानात घ्यावे. अफवेतील आकडा मात्र नेहमी एकच, गोल आणि छातीठोक असतो.

चौथी कसोटी : शिल्लक

सही खरी असली, तरी खात्यात शिल्लक नसेल तर धनादेश परत येतो. वैद्यकीय दाव्यामागील शिल्लक म्हणजे पुरावा. सद्हेतूने आणि अधिकारी व्यक्तींनी केलेला दावासुद्धा पुराव्याअभावी टिकत नाही.

कोविडमधून बऱ्या झालेल्या व्यक्तीच्या रक्तातील प्लाझ्मा गंभीर रुग्णाला देण्याचा उपचार २०२० मध्ये देशभर गाजला. ‘प्लाझ्मा दिला आणि रुग्ण बरा झाला’ असे अनुभव खरेच होते. त्यामुळे रुग्णांचे नातेवाईक रात्री-अपरात्री दाते शोधत फिरत. प्रश्न एवढाच होता, की प्लाझ्मा दिला नसता तर तो रुग्ण बरा झाला नसता का? याचे उत्तर एका रुग्णाच्या अनुभवातून मिळू शकत नाही. त्यासाठी सारख्याच स्थितीतील रुग्णांचे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गट करून तुलना करावी लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ३९ रुग्णालयांतील ४६४ रुग्णांवर अशी चाचणी घेतली. प्लाझ्मा मिळालेल्या गटात १९ टक्के, तर न मिळालेल्या गटात १८ टक्के रुग्णांचा आजार २८ दिवसांत तीव्र झाला किंवा त्यांचा मृत्यू ओढवला. उपचाराचा लाभ दिसला नाही. हे निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाले आणि मे २०२१ मध्ये हा उपचार राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून वगळण्यात आला.

याच पद्धतीने एका जुन्या, स्वस्त औषधाची उपयुक्तताही सिद्ध झाली. ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत, कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांमधील मृत्यू डेक्सामेथासोन या स्टिरॉइडमुळे सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे जून २०२० मध्ये आढळून आले. ‘किती जणांना गुण आला?’ या प्रश्नाबरोबरच ‘कोणाशी तुलना केली?’ हा प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर बरेचसे चमत्कारिक उपाय आपोआप गळून पडतात.

पाचवी कसोटी : खाडाखोड

सर्वांत घातक अफवा निखळ खोटी नसते. ती खऱ्या बातमीत फेरफार करून तयार होते. ‘ध’चा ‘मा’ व्हायला एक अक्षर पुरते. डेक्सामेथासोनच्या त्याच चाचणीत, ज्यांना प्राणवायूची गरज भासली नव्हती अशा रुग्णांना या औषधाचा लाभ दिसला नव्हता. ‘प्राणवायूची गरज असलेल्या रुग्णांना’ हे शब्द गळाले आणि ‘स्टिरॉइडने कोविड बरा होतो’ एवढेच उरले. अनेकांनी घरच्या घरी, लवकर आणि प्रमाणाबाहेर स्टिरॉइडे घेतली. २०२१ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांत म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजाराचे रुग्ण वाढले. स्टिरॉइडांचा अनावश्यक वापर आणि अनियंत्रित मधुमेह ही त्यामागील प्रमुख कारणे होती. कित्येकांना डोळा वा जबडा गमवावा लागला.

मे २०१८ मध्ये कोळिकोड जिल्ह्यात निपाहची साथ आली, तेव्हा पहिल्या रुग्णांच्या घराजवळ पकडलेल्या वटवाघळांचे नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत तपासले गेले. त्यांत विषाणू आढळला नाही. ‘या नमुन्यांत विषाणू नाही’ या विधानाचे ‘वटवाघळांचा या आजाराशी संबंधच नाही’ असे रूपांतर व्हायला वेळ लागला नाही. ती वटवाघळे कीटकभक्षी होती. पुढे फळे खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत तपासले असता त्यांपैकी काहींत निपाह विषाणू सापडला. मूळ अहवाल अचूकच होता. त्याची मर्यादा सांगणारे शब्द तेवढे खोडले गेले होते. म्हणून ‘काही’, ‘आतापर्यंत’, ‘या वयोगटात’ असे शब्द मूळ बातमीत होते का, हे अवश्य पाहावे.

घरात आणि शाखेत

पाचही कसोट्या प्रत्येक संदेशाला लावणे व्यवहारात शक्य होत नाही. सामान्य वाचकाला एक साधा नियम पुरेसा आहे : ज्या संदेशामुळे औषध घ्यावेसे, औषध सोडावेसे, रुग्णालयात धावावेसे वा रुग्णालय टाळावेसे वाटेल, तो संदेश कुटुंबाच्या डॉक्टरांना वा शासकीय आरोग्य केंद्राला विचारल्याखेरीज अमलात आणू नये. बाकीचे संदेश वाचून सोडून दिले तरी काही बिघडत नाही.

घरातील वडीलधाऱ्यांनी असा संदेश पाठवला, तर चारचौघांत तो खोडून काढल्याने ते दुखावतात आणि आपल्या मतावर अधिकच ठाम होतात. ‘आजोबा, ही बातमी कोणत्या तारखेची आहे, आपण पाहू या का?’ असे त्यांच्याशेजारी बसून विचारल्यास तपासणीत त्यांचाही सहभाग होतो. शाखेतही साथीच्या काळात ग्राहक कर्मचाऱ्यांना अनेक प्रश्न विचारतात. ठाऊक नसलेल्या गोष्टीवर अंदाजाने बोलण्यापेक्षा शासकीय सूचनेची दिनांकित प्रत फलकावर लावणे आणि नवी सूचना आल्याबरोबर जुनी काढून टाकणे हे अधिक उपयुक्त ठरते.

बँकिंग व्यवहारात पृष्ठांकनाला मोठा अर्थ असतो. धनादेशाच्या मागे सही करून तो दुसऱ्याच्या हवाली करणारी व्यक्ती केवळ निरोप्या राहत नाही. पराक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ अन्वये तिच्यावरही दायित्व येते. आरोग्यविषयक संदेश पुढे पाठवणे हेही एक प्रकारचे पृष्ठांकनच होय. पाठवणाऱ्याच्या नावावरचा विश्वास त्या संदेशाला चिकटतो आणि त्या विश्वासापोटी दूरच्या गावातील एखादी बहीण आपल्या तापलेल्या मुलाला डॉक्टरांकडे नेण्यास एक दिवस उशीर करू शकते. ज्या कागदाची तारीख, सही आणि शिल्लक पाहिलेली नाही, त्याच्या मागे कोणताही जाणता खातेदार सही करत नाही. संदेशाच्या बाबतीतही तोच संयम पाळला, तर साथीतील अर्धी घबराट तेथेच थांबेल.